चौकोनी कंस

चार दिवस मी काचेच्या पेटीत बसून होते,
नरिमन पॉइंटच्या हॉटेलात, सातव्या मजल्यावर,
कानाला डबडी लावून.
दुभाष्याला स्वतःचं 'मी' नसतं.
बोलेल त्याचा 'मी' माझ्या तोंडात.
सकाळी मी विनवलं, खोबऱ्याच्या तेलावरची जकात उतरवा,
जेवणानंतर मीच मला म्हटलं,
तुमची अडचण आम्ही जाणून आहोत.
आवाज तोच. मानधन तासावर.

जे ठरलेलं नसतं
ते मसुद्यात चौकोनी कंसात घालतात.
पहिल्या दिवशी कंस होते एकशे बारा,
तिसऱ्या रात्री एकशे एकोणीस.
एकात नुसतं एक क्रियापद:
श्रीमंत देश मदत 'करतील' की त्यांनी 'करावी'?
त्यावर पावणेतीन तास गेले
आणि नानकटाईचे दोन ट्रे.

शेवटच्या रात्री बाराला पाच कमी असताना
कुणीतरी स्टुलावर चढून
भिंतीवरचं घड्याळ बंद केलं.
मुदत टळू नये म्हणून. तशी रीतच आहे म्हणे.
खाली समुद्राला कुणी कळवलं नव्हतं.
भरती आपल्या वेळेला आली.

लोसा तुइवाई बेटावरून एकटी आली होती.
बैठका तीन खोल्यांत, एकाच वेळी,
आणि ती एक.
पलीकडच्या टेबलावर वकीलच सतरा.
तिच्याकडे एक फाइल, आणि एसी सोसेना म्हणून
हॉटेलचा टॉवेल, खांद्यावर शालीसारखा.

चहाच्या वेळी तिने विचारलं,
तुझ्या भाषेत आमच्यासारख्यांना काय म्हणतात?
विकसनशील.
फोड करून सांग.
विकसन म्हणजे वाढणं, उमलणं.
शील म्हणजे स्वभाव. अंगवळणी पडलेलं.
जसं सहनशील, सोसत राहणारा.
ती हसली नाही.
म्हणजे उमलत राहायचं,
उमलून व्हायचं नाही कधी?
मी व्याकरणाची बाजू घेणार होते,
तेवढ्यात आत बोलावणं आलं.

(वडील बॅलार्ड इस्टेटच्या जकात कचेरीत होते.
जगातली प्रत्येक वस्तू त्यांना आकड्यानं ठाऊक.
आई रागावली की म्हणायची,
मी तुमच्या कुठल्या प्रकरणात बसते, बघा जरा.
ते खरंच बघायचे.)

पाचव्या दिवशी तिला खोवणी हवी होती.
आईची झिजली, म्हणाली,
आमच्याकडे नारळ आहेत, लोखंड नाही.
तांबाकाट्यावर गेलो.
दुकानाच्या पाटीवर 'कंसारा'.
मी उगाच मनात मोजला: एकशे वीस.

सहाशे, दुकानदार म्हणाला.
तिने सहाशे काढून ठेवले.
तो नोटांकडे बघत राहिला,
मग माझ्याकडे, जरा दुखावल्यासारखा.
बाईंना सांगा, काहीतरी कमी करा म्हणायला.
असं नसतं.
मी सांगितलं.
ती म्हणाली, चार दिवस तेच करत होते.
तोच सांगू दे काय बरोबर ते.
मी तेही सांगितलं.

त्याने पंखा वाढवला. कमी केला.
आतून दुसरी खोवणी आणली, दात बारीक असलेली,
पहिली मागे सरकवली,
आणि शंभरच्या दोन नोटा परत ठेवल्या,
एक जरा वेळाने.
मसुदा नाही, साक्षीदार नाही,
कालच्या पेपरात गुंडाळून सुतळी बांधली.

वडील असते तर म्हणाले असते, प्रकरण ब्याऐंशी,
आणि दर.

टॅक्सीत तिने सुतळी सोडली,
पात्यावर अंगठा फिरवायला लागली.
जपून, धार आहे,
मी म्हटलं.
चार दिवसांत कुणाचंच नसलेलं हे पहिलं वाक्य.
तेही मराठीत निघालं.
तिने अंगठा उचलला.